जननी की साधन? : ओमोतो पंथातील कलाविचार

नव्या धर्मपंथांच्या कलेचा विचार करताना अभ्यासक बहुधा तिला प्रचाराचे साधन ठरवून मोकळे होतात. जपानमधील ओमोतो पंथाच्या बाबतीत हे गृहीत अपुरे पडते. देगुची नाओ या निर्धन विधवेला १८९२ मध्ये झालेल्या साक्षात्कारातून हा पंथ उदयास आला. त्याला तात्त्विक बैठक दिली ती तिचा जावई देगुची ओनिसाबुरो (१८७१–१९४८) याने. कला ही धर्माची जननी होय, हे त्याचे सुप्रसिद्ध प्रतिपादन.

येथे रूपकाची निवड अर्थपूर्ण आहे. साध्य हाती येताच साधन बाजूला ठेवता येते. जननीचे तसे नाही. ती अपत्याच्या आधीची असते आणि अपत्य थोर झाले तरी तिचे ऋण फिटत नाही. विश्व हीच ईश्वराची कलाकृती, अशी या विचाराची धारणा आहे. तेव्हा निर्मिती आधीची, सिद्धान्त नंतरचा. किंबहुना घडविणे हीच उपासना.

या विचाराची कसोटी इतिहासाने घेतली. डिसेंबर १९३५ मध्ये सरकारने पंथावर धाड घातली व पुढे अयाबे आणि कामेओका येथील त्याच्या वास्तू जमीनदोस्त केल्या. ओनिसाबुरो १९४२ पर्यंत कारावासात होता. सुटकेनंतर, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, त्याने सुमारे ३००० चहाचे वाडगे हातांनी घडविले. त्यांचे रंग कमालीचे उजळ आहेत. मंदिर उरले नव्हते. माती मात्र होती.

याच पंथात काही काळ असलेल्या ओकादा मोकिची (१८८२–१९५५) याने १९३५ मध्ये स्वतंत्र पंथ काढला. सौंदर्याने मनुष्य उन्नत होतो, हा विचार त्यानेही जपला. परंतु भर हातावरून डोळ्यावर आला. हाकोने येथे १९५२ मध्ये त्याने कलासंग्रहालय उघडले. त्याच्या परंपरेतील आतामी येथील संग्रहालय १९८२ मध्ये, तर तिच्या एका शाखेचे मिहो संग्रहालय १९९७ मध्ये सुरू झाले. घडविण्याची जागा दर्शनाने घेतली. यात लोकांचा लाभ आहे, कारण परधर्मीयही तेथे जाऊ शकतो. तथापि कलाकृती आता संपादनाची वस्तू झाली.

ओनिसाबुरोचे वाडगेही या स्थित्यंतरातून सुटले नाहीत. १९७२ मध्ये ते पॅरिसच्या सेर्नुस्की संग्रहालयात मांडले गेले. ओठांना लागावयाचे पात्र काचेआड गेले. धर्मनेत्याच्या हातचे म्हणून ते अनुयायांना पूज्य वाटणे स्वाभाविक आहे; पण नेमका तेथेच रूपकाला तडा जातो. कला जननी असेल, तर वाडग्याचे मोल तो सुंदर आहे म्हणून ठरावयास हवे. कर्त्याच्या धार्मिक अधिकारावरून ते ठरले, तर अपत्यच जननीला प्रतिष्ठा देऊ लागते. पंथाबाहेरच्या कलासमीक्षकानेही हे वाडगे नावाजले, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची ठरते. धर्माच्या आधाराविना टिकणारे सौंदर्यच ओनिसाबुरोच्या प्रतिपादनाचा खरा पुरावा होऊ शकते.