मॉडेल देखणं आहे, पण नोंद कुठे आहे?

तेलगावहून वडवणीमार्गे बीडला गेलात, तर कंकालेश्वराचं मंदिर बघाच. उत्तर चालुक्य शैलीचं, चांदणीसारख्या आराखड्याचं आणि कुंडाच्या मधोमध, पाण्यात उभं. वारसावास्तूंच्या थ्रीडी नोंदणीची मर्यादा समजून घ्यायला आपल्या भागात याहून चांगली जागा नाही.

फोटोग्रॅमेट्रीमध्ये वास्तूचे एकमेकांवर येणारे शेकडो फोटो काढतात. सॉफ्टवेअर त्यांतले समान बिंदू शोधून प्रत्येकाची जागा ठरवतं. पाणी हलतं, चमकतं. तिथे असे बिंदू जुळत नाहीत. पाण्याखालचा भाग तर कॅमेऱ्याला नीट दिसतच नाही. मग मॉडेलमध्ये भोकं राहतात. एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर ती अंदाजाने बुजवतं. आता यातला मोजलेला दगड कोणता आणि भरलेला कोणता, हे बघणाऱ्याने ओळखायचं कसं? माझा आक्षेप इथेच आहे.

पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ला जळालं. तेव्हा 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या २०१४च्या गेममधल्या मॉडेलवरून ते पुन्हा उभारता येईल, अशी चर्चा रंगली. गेम फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला, पण त्यातल्या चर्चवर १८५९चा मनोरा आहे! खेळ म्हणून हे चालतं, लोकांना ओळखीचं चर्च हवं असतं. नोंद म्हणून मात्र नाही चालत. खरी मोलाची ठरली ती अँड्र्यू टॅलन यांनी केलेली लेझर स्कॅनिंगची नोंद आणि रेमी फ्रोमाँ व सेड्रिक त्रांतसो या वास्तुविशारदांनी २०१४मध्ये केलेलं छताच्या लाकडी सांगाड्याचं मोजमाप.

२००९चा लंडन चार्टर हेच मागतो. समोरचं चित्र आजची स्थिती आहे, पुराव्यावरची पुनर्रचना आहे की तर्क, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. असे निर्णय का घेतले, याच्या नोंदीला 'पॅराडेटा' म्हणतात. अनेकदा मॉडेल झळकतं आणि नेमका हाच भाग गायब असतो.

म्हणून प्रस्ताव लिहितानाच तीन गोष्टी ठरवा: मोजमापातली त्रुटी सेंटीमीटरमध्ये देणार, अंदाजाने भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवणार, मूळ फोटो जपून ठेवणार. उद्या कंकालेश्वराचा एखादा दगड निखळला, तर डागडुजी करणारा माणूस कदाचित तुमचंच मॉडेल उघडेल. तुम्ही कुठे अंदाज केला होता, हे त्याला तेव्हा कळायला हवं.