अंधारात थांबलेले स्तोत्र

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांत विलापस्तोत्रांचा वाटा मोठा आहे. परंतु त्यांतील बहुतेक विलाप कुठेतरी वळण घेतात. १३ वे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. त्याच्या आरंभी ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि अखेरीस कवी गाऊ लागतो. २२ व्या स्तोत्राचे पहिले वचन प्रभू येशूने क्रुसावर उच्चारले. तेही शेवटी स्तुती करणाऱ्या मंडळीत जाऊन पोहोचते. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही. मूळ हिब्रूमध्ये त्याचा अखेरचा शब्दच अंधार या अर्थाचा आहे.

या कवितेची घडण पाहण्याजोगी आहे. कवी तीन वेळा देवाला हाक मारतो. पहिली हाक रात्रंदिवसाची, दुसरी रोजची, तिसरी पहाटेची. मूळ भाषेत तिन्ही ठिकाणी क्रियापद निराळे आहे. एका शब्दाने हाक मारून थकलेला मनुष्य दुसरा शब्द शोधतो, तसे हे झाले आहे. प्रत्येक हाकेनंतर उत्तराची जागा रिकामी राहते आणि कवी पुन्हा आपले गाऱ्हाणे सुरू करतो.

इतर विलापांत जे हमखास आढळते, ते येथे नाही. शत्रूंना शाप नाहीत, कारण शत्रूच नाहीत. पापाची कबुली नाही. संकट टळल्यास उपकारस्तुती करीन असा नवसही नाही. गर्तेत लोटणारा देव, सोबत्यांना दूर नेणारा देव, मुख लपविणारा देव, अशी सारी तक्रार थेट देवाच्या पदरी घातलेली आहे. आणि आम्हांला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की कवी आरोग्य मागत नाही, आयुष्य मागत नाही. आपल्या हाकेकडे कान दे, एवढेच मागतो. तरीही आरंभीच त्याने देवाला आपला तारणारा म्हटले आहे. संपूर्ण स्तोत्रात उजेडाचा शब्द तेवढाच. पुढे तो त्याचा पुनरुच्चार करीत नाही, परंतु तो मागेही घेत नाही.

मधल्या तीन वचनांत प्रश्नांची सरबत्ती आहे. मेलेल्यांसाठी तू चमत्कार करणार आहेस काय, थडग्यात तुझी दया कोण वर्णील, अशा आशयाचे हे प्रश्न. येथे कित्येक भाष्यकार घाईघाईने पुनरुत्थानाचा आधार पुढे करतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. या कवीला पुनरुत्थानाची आशा ठाऊक नव्हती. त्याच्या दृष्टीने मृत्यूपलीकडे विस्मृतीचा प्रदेश होता. म्हणजे स्वर्गाच्या भरवशावाचून तो रोज पहाटे देवापुढे उभा राहत होता. ही चढण आपल्यापेक्षा कितीतरी उभी आहे, आणि ती आपण त्याच्यासाठी सपाट करू नये.

संत ऑगस्टीन यांनी या स्तोत्रात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा स्वर ऐकला. ते आम्हांला मान्यच आहे. परंतु प्रवचनांतून अलीकडे होते असे की, शुक्रवारचे नाव घेताच वक्ता रविवारच्या पहाटेस पोहोचलेला असतो. मधला शनिवार कोणी थांबून पाहत नाही.

रविवारच्या मिस्साबलिदानात हे स्तोत्र येत नाही. आठवड्याच्या वारी ते भेटते ते सामान्य काळातील २६ व्या आठवड्यात, एक वर्षाआड, ईयोबाच्या वाचनांच्या जोडीने. केवळ रविवारी चर्चला येणाऱ्या कुटुंबांनी ते बहुधा ऐकलेलेच नसते. याचा परिणाम आम्ही पाहतो. नोव्हेनाच्या दिवशी दोन पेट्या असतात, एक विनंत्यांची, दुसरी आभारपत्रांची. लहान मुलगा गमावलेल्या एका मातेने आम्हांला विचारले, “फादर, माझे पत्र कुठल्या पेटीत टाकू?” तिने नऊ बुधवार केले होते, उपवास केले होते. घरी येणारे तिला श्रद्धा कमी पडली असेल असे आडून सुचवीत होते. आम्ही तिच्यासमोर हे स्तोत्र वाचले. ते संपल्यावर ती म्हणाली, “हे बायबलात आहे?” आणि तिने ते पुन्हा वाचायला सांगितले. सांत्वन झाले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपले गाऱ्हाणे पवित्र शास्त्राबाहेरचे नाही, इतके तिला कळले.

तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण ऐकत वाढलेल्या मराठी कानाला देवाशी असे खडसून बोलणे परके वाटू नये. आमच्या भक्तिगीतांत मात्र ते जवळजवळ नाहीच. आमचे गीतकार आर्जव करतात, शरण जातात, आभार मानतात. कैफियत मांडताना त्यांची लेखणी अडखळते. ही उणीव केवळ साहित्याची आहे असे आम्हांला वाटत नाही.

ख्रिस्तसभेने या स्तोत्राला एक जागा मात्र नेमून दिली आहे. दर शुक्रवारी, निजण्यापूर्वीच्या रात्रप्रार्थनेत धर्मगुरू आणि धर्मभगिनी ते म्हणतात. अंधार हा शब्द उच्चारल्यावर थोडे थांबावे लागते. त्यानंतर यिर्मया संदेष्ट्याचे एक छोटे वाचन येते: प्रभू आमच्यामध्ये आहे, त्याने आम्हांला टाकू नये, या आशयाचे. ते १४ व्या अध्यायातील आहे. तो अध्याय अवर्षणाचा. विहिरींवर गेलेली माणसे रिकामी भांडी घेऊन परततात, हरिणी पाडसाला सोडून जाते, आणि संदेष्टा लोकांसाठी विनवणी करतो. पुढच्याच वचनांत परमेश्वर त्याला या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस असे सांगतो. यिर्मया तरीही करतोच. अध्याय संपेपर्यंत पाऊस पडल्याचा उल्लेख नाही.