मांत्रिक येईपर्यंत

भयपटांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर्वांत आवडता कोणता आणि सर्वांत नावडता कोणता? याचे उत्तर देताना मी नेहमी चाचरतो. माझ्या दोन्ही याद्यांत एकाच दिग्दर्शकाचे नाव येते, आणि कधी कधी तर एकच चित्रपट अर्धा या यादीत आणि अर्धा त्या यादीत पडतो. राम गोपाल वर्मा यांचा ‘रात’ (१९९२) हे त्याचे सोपे उदाहरण. साधे मध्यमवर्गीय कुटुंब, भाड्याचे घर, एक मांजर, एक तळघर. रेवतीचा भांबावलेला चेहरा आणि कॅमेऱ्याची सरपटणारी चाल एवढ्यावर वर्मांनी तासभर असे काही उभे केले आहे की भरल्या चित्रपटगृहात एकटे पडणे म्हणजे काय ते अंगावर येते. मग ओम पुरी येतात. नट थोर, पण भूमिका तांत्रिकाची. त्यांनी पहिले वाक्य उच्चारताच माझी भीती संपते. आता काय झाले आहे ते कोणाला तरी ठाऊक आहे, उपाय त्याच्या झोळीत आहे. आपण फक्त तो कधी काढतो याची वाट पाहायची.

माझ्या आवडीनिवडीची वाटणी बरीचशी या एका जागी होते. भूत आहे की नाही, यावर मी चित्रपटाशी भांडत नाही. तिकीट काढले तेव्हाच ते मान्य केलेले असते. भांडण आहे ते मांत्रिकाशी. पडद्यावरच्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त कळणारा, ज्याला प्रश्न विचारायचे नसतात आणि ज्याच्या हाती घरातली बाई किंवा मूल सोपवायचे असते, तो माणूस कथेत कोणत्या अधिकाराने वावरतो, हे मी पाहतो.

हिंदी चित्रपटात हा माणूस पहिल्यापासून नव्हता. कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९) भूत शेवटी माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’ (१९६२) तर बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या गोष्टीवरच बेतलेला. तिथे गूढाचा निकाल लावतो तो शोध घेणारा. मांत्रिकाची गरज नाही, कारण भूतच नाही. रामसे बंधूंनी ‘दो गज ज़मीन के नीचे’पासून (१९७२) भूत खरे केले आणि त्याबरोबर ताईत, त्रिशूळ, जुने देऊळ हा सगळा सरंजाम आणला. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी त्रिशुळापुढे हतबल होतो. रामसेंवर मी फार रागावू शकत नाही. त्यांचे जग खेळातल्या नियमांसारखे आहे, ते बाहेर घेऊन कोणी घरी जात नाही. आणि मराठीत तर आपण मांत्रिकाची खुशाल थट्टाही केली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) बाबा चमत्कार हा भला गृहस्थ मृत्युंजय मंत्र देतो कोणाला, तर तात्या विंचूसारख्या गुंडाला, आणि मग तो निस्तरायचा कसा हेही त्यालाच सांगावे लागते. हा मला भेटलेला सर्वांत प्रामाणिक मांत्रिक.

नारायण धारपांच्या वाचकांना येथे ‘समर्थ’ आठवतील. शाळेच्या वयात मी समर्थकथा अधाशासारख्या वाचल्या. आज वाटते की त्या भीतीच्या कथा नसून धीर देणाऱ्या कथा आहेत. समर्थ आले की वाचक निर्धास्त होतो. धारपांचे खरे सामर्थ्य जिथे समर्थ येत नाहीत त्या कथांत आहे. तिथे घरात काहीतरी आहे आणि घरातल्यांनाच त्याच्याशी निभवायचे आहे.

आता सर्वांत नावडता. ‘फूँक’ (२००८), दिग्दर्शक पुन्हा वर्माच. हा चित्रपट वाईट बनवला आहे असे मी म्हणणार नाही. वाईट बनवला असता तर त्याचा उल्लेखही केला नसता. राजीव हा बांधकाम व्यवसायातला यशस्वी, नास्तिक माणूस. पैशांची अफरातफर केल्यावरून तो मधू आणि तिच्या नवऱ्याला अपमान करून हाकलतो. त्यानंतर त्याची मुलगी रक्षा आजारी पडते. डॉक्टर होतात, तपासण्या होतात, काही निघत नाही. बापाचा अविश्वास हीच जणू मुलीच्या दुखण्याची गाठ आहे अशा रीतीने पटकथा बांधली आहे. ती गाठ सुटते तेव्हाच मांत्रिकाला वाव मिळतो आणि मुलगी वाचते. अश्विनी काळसेकर यांनी मधू जीव ओतून केली आहे, म्हणून तर अधिक त्रास होतो. शेजारची, ओळखीची, जरा मोठ्याने हसणारी बाई चेटूक करते, हा संशय आपल्याकडे किती बायकांच्या जिवावर उठला आहे याची दिग्दर्शकाला फिकीर नाही. डॉक्टरचे हरणे आणि नास्तिकाचे झुकणे हाच त्याच्या दृष्टीने रोमांच आहे.

येथे मला तटस्थ राहता येत नाही, आणि त्याचे कारण सांगून टाकतो. १९७५ साली माझी धाकटी आत्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आमच्या गावच्या घरी आली होती. मी नऊ वर्षांचा. मुलगा झाला, आणि आठ दिवसांनी आत्या बडबडू लागली, मूल आपले नाही म्हणू लागली. बाळंतपणानंतर येणारा हा मानसिक आजार आहे, त्यावर औषध आहे, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. ‘बाहेरचे लागले’ असे ठरले. देवऋषी आला. माजघरात मिरच्यांची धुरी झाली आणि आम्हा मुलांना अंगणात बसवले. आतून येणारा आवाज मी अजून कुठल्याही भयपटात ऐकलेला नाही. दोन वर्षांनी तिला दवाखान्यात नेले, गोळ्यांनी ती सावरली, पुष्कळ जगली. फक्त देवघरात कोणी धूप लावला की उठून परसात जाऊन बसत असे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे याविषयी आहे. ती वाचताना मला आमचे माजघर दिसले. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर तो संमत झालेला पाहायला नव्हते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला.

म्हणजे मांत्रिक दाखवणारा प्रत्येक चित्रपट मला वर्ज्य आहे का? तसे असते तर ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) टाकून द्यावा लागेल, आणि तो मी टाकणार नाही. त्यातला वयोवृद्ध पाद्री विधी पुरा होण्याआधीच मरतो. दुसरा, कॅरस, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि त्याची श्रद्धा ढासळली आहे. मुलीला वाचवण्यासाठी तो सैतानाला आपल्या अंगात घेतो आणि खिडकीतून उडी टाकतो. तिथे मांत्रिकाकडे उपाय नाही, स्वतःचा जीव तेवढा आहे. त्याला काय ठाऊक आहे यापेक्षा तो काय गमावतो याची ती गोष्ट आहे. वर्मांच्याच ‘भूत’मध्ये (२००३) रेखा मांत्रिक होऊन येतात तेव्हा मी सवयीने हिरमुसलो होतो, पण शेवट त्यांच्या हाती नाही. कोठडीतला खुनी एकटा पडतो आणि दिवे जातात. न्याय मागायला आलेल्या मुलीला कोणीही परत पाठवू शकत नाही. एवढ्यासाठी मी तो चित्रपट माफ केला.

आवडत्यांत पहिले नाव ‘गहराई’ (१९८०). अरुणा राजे आणि विकास देसाई यांचे दिग्दर्शन, पटकथेत त्यांच्याबरोबर विजय तेंडुलकर. हा चित्रपट आज फारसा कोणी काढत नाही, आणि मराठी वाचकांनी तरी काढायला हवा. बंगळूरला राहणारा चेन्नबसप्पा गावची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कंपनीला विकतो. ती जमीन आईसारखी जपणारा राखणदार बसवा हादरतो. थोड्याच दिवसांत चेन्नबसप्पाची शाळकरी मुलगी उमा (पद्मिनी कोल्हापुरे) परक्या आवाजात बोलू लागते आणि बापाचे जुने कर्म सर्वांदेखत सांगते : बसवाच्या बायकोला त्याच्यापासून दिवस गेले होते आणि तिने जीव दिला. भूत येथे खोटे बोलत नाही. त्या घरात खरे बोलणारे तेवढेच आहे. घरचे लोक मुलीवर उपाय शोधतात ते तिचे दुखणे थांबावे म्हणून, की तिचे बोलणे थांबावे म्हणून, हे पाहणाऱ्याला ठरवावे लागते. तेंडुलकरांची नाटके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे घर अनोळखी वाटणार नाही. इभ्रतीच्या पडद्यामागे चाललेली हिंसा हा त्यांचा जन्माचा विषय.

आणि मांत्रिक? अमरीश पुरींचा पुट्टाचारी. मुलगी त्याच्या हाती लागते तेव्हा भुताची भीती मागे पडते आणि या माणसाची भीती वाटू लागते. पुढे दुसरा, भला मांत्रिकही येतो, मुलगी सुटते. चित्रपट बुद्धिवादी नाही, करणीवर त्याचा विश्वास आहे. पण उमा बरी झाली म्हणून बसवाच्या बायकोचे काही फिटत नाही. मांत्रिकाच्या यशाने घराचा हिशेब मिटत नाही, हे ज्या भयपटाला कळले तो मला जवळचा वाटतो.

चेन्नबसप्पाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. परमेश्वराला रिटायर करा असे लेख लिहून सांगणारे, पुढे दाभोलकरांबरोबर ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ घेऊन महाराष्ट्रभर फिरणारे लागू. त्या संवादात दोघांचा मतभेद उघड असे : लागू देवच नाकारत, दाभोलकर अंधश्रद्धेपुरते बोलत. असा माणूस या चित्रपटात काय करतो, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की भूमिका बरोबर माणसाकडे गेली. लागूंनी चेन्नबसप्पाचा अपराध भीतीने नाही, तर कपाळावरच्या आठीने दाखवला आहे. जणू मुलगी झपाटली जाणे ही गैरसोय आहे, आणि ती बोलते आहे ही त्याहून मोठी.

‘तुंबाड’बद्दल (२०१८) पुष्कळ लिहून झाले आहे, त्यामुळे एकाच मुद्द्यापुरते लिहितो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची कथा सांगितली, तिथून या चित्रपटाची सुरुवात झाली. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतले. हस्तरची पुराणकथा मात्र नवी, कोणत्याही पोथीत न सापडणारी. या सबंध चित्रपटात मांत्रिक नाही. हस्तरला घालवावा असे कोणालाच वाटत नाही! विनायकरावाला ठाऊक आहे ती फक्त कसब : दोर किती लांब, पिठाचे रिंगण कसे घालायचे, कणकेची बाहुली केव्हा टाकायची, हस्तर ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटीतून किती मोहरा ओढता येतील. ही विद्या नाही, धंद्यातली हातोटी आहे, आणि बाप ती मुलाला दुकानाच्या किल्ल्यांसारखी देतो. १९१८, १९३३, १९४७ अशी वर्षे पडद्यावर सरकतात. देश स्वतंत्र होतो, वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते, आणि विनायकरावाला चिंता असते ती एकदाच सगळी लंगोटी कशी पळवायची याची. मला येथे भीती वाटते ती सवयीची. हस्तरला पाहून पहिल्यांदा थरथरणारा माणूस पुढे शिदोरी घेऊन कामावर निघाल्यासारखा त्या गर्भात उतरतो.

पांडुरंग, म्हणजे विनायकरावाचा मुलगा, झालेल्या मोहम्मद समदनेच ती शापित म्हातारीही केली आहे. कळल्यावर मी ते प्रसंग पुन्हा पाहिले. घराण्याचा शेवटचा वारस आणि काळजातून झाड उगवलेली, मरण न येणारी बाई, दोघांचा चेहरा मुळात एकच. बापाने पुढे केलेली मोहरांनी भरलेली लंगोटी नाकारून पांडुरंग त्याला आग लावतो, तेव्हा त्याला कोणी मंत्र सांगितलेला नसतो. लहानपणापासून जे पाहिले तेवढ्यावर तो ठरवतो.

सप्टेंबर २०२४मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. मी तेव्हा आत्याच्या धाकट्याला, म्हणजे त्याच बाळंतपणातल्या मुलाला, घेऊन गेलो. तो आता एकोणपन्नास वर्षांचा, बँकेत नोकरी करतो, भयपट बघत नाही. धुरीची गोष्ट त्याला कोणी सांगितली आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगितलेली नाही. बाहेर पडल्यावर पाऊस होता, आम्ही रिक्षासाठी उभे होतो. हस्तरबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याने विचारले, “सुरुवातीला ती म्हातारी साखळीला बांधलेली होती ना, तिला रात्री कोण बघायचं रे?”

मी म्हटले, विनायकची आई जेवण भरवायची. रिक्षा आली.