भाषाभ्यास आणि पदवीधराची वाट : रा. गो. भांडारकर यांच्या निमित्ताने

विद्यापीठात भाषा व संस्कृती यांचे अध्ययन केल्याने पदवीधराच्या आयुष्यास कोणती दिशा लाभते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यास मिळणाऱ्या नोकरीवरून दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७-१९२५) यांचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. पुढे हैदराबाद (सिंध) व रत्नागिरी येथे मुख्याध्यापक, एल्फिन्स्टन व डेक्कन महाविद्यालयांत संस्कृतचे प्राध्यापक आणि १८९३ मध्ये विद्यापीठाचे कुलगुरू, असा त्यांचा क्रम आहे. परंतु ही झाली अधिकारपदांची मालिका. भाषाभ्यासाने घडविले ते निराळेच.

१८७७ च्या विल्सन व्याख्यानांत त्यांनी संस्कृत, पाली, प्राकृत व अपभ्रंश यांपासून देशी भाषांपर्यंतची परंपरा मांडली. अशा विवेचनात ध्वनिसाम्यावर भागत नाही. ‘हस्त’पासून ‘हात’ झाला असे म्हणणाऱ्यास मधला ‘हत्थ’ दाखवावा लागतो. प्रत्येक रूपाचा काळ ठरविणे व पुराव्यावाचून दुवा न जोडणे, ही या अभ्यासाची शिस्त होय.

हीच शिस्त त्यांनी १८९१ मध्ये संमतिवयाच्या वादात धर्मशास्त्रास लावली. विवाहवयावरील त्यांच्या टिपणात वचनांची केवळ जंत्री नाही. गृह्यसूत्रांतील विवाहविधी प्रौढ वधू गृहीत धरतात आणि बालविवाहाचा आग्रह उत्तरकालीन आहे, असा कालक्रम त्यात मांडला आहे. शब्दाचा इतिहास पाहण्याची सवय येथे आचाराचा इतिहास पाहू लागते. आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह त्यांनी घडवून आणला, यावरून हा विचार ग्रंथापुरता राहिला नव्हता हे दिसते.

तथापि या पद्धतीची मर्यादाही नजरेआड करता येत नाही. वाद शास्त्रार्थाचा असल्याने पुरावाही ग्रंथांचाच राहिला. घराघरांतील प्रत्यक्ष आचार आणि त्याविषयी स्त्रियांचे स्वतःचे बोलणे त्या विवेचनाच्या कक्षेत आले नाही. जिच्या वयाचा प्रश्न होता, तिची साक्ष मात्र निघाली नाही.

आजच्या अभ्यासक्रमास यातून घेण्यासारखे आहे ते हेच. पोथीचा काळ ठरविण्यास शिकलेल्या पदवीधराने जिवंत बोलीही तितक्याच काटेकोरपणे टिपावयास शिकले पाहिजे. या दोहोंपैकी एकच बाजू शिकविणारे अध्यापन पदवी देईल. दृष्टी देईलच असे नाही.