विद्यापीठ-परिसरातील साखळी दुकाने : दोन ग्रंथांची चिकित्सा

प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या बाजारीकरणाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने शुल्कवाढ आणि विनाअनुदान तत्त्व यांभोवती फिरते. विद्यापीठाच्या आवारात एखाद्या साखळी कंपनीचे कॉफीगृह, खाद्यगृह वा पुस्तकांचे दुकान उघडले, तर ती केवळ सोयीची बाब मानली जाते. उत्तर अमेरिकेत मात्र हा प्रश्न बराच गाजला आहे. त्या संदर्भात नाओमी क्लाइन यांचा 'नो लोगो' (१९९९) आणि हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष डेरेक बोक यांचा 'युनिव्हर्सिटीज इन द मार्केटप्लेस' (२००३) या ग्रंथांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

क्लाइन यांची मांडणी

क्लाइन यांनी शिक्षणसंस्थांमधील ब्रँडच्या शिरकावावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सार्वजनिक निधी आटला की संस्था कंपन्यांवर विसंबू लागतात आणि बाजारापासून मुक्त अशी जागा आक्रसत जाते, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन होय. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा रिबॉक कंपनीशी १९९६ मध्ये झालेला करार हा त्यातील बोलका पुरावा आहे. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीवर टीका करू नये, असे कलम त्या करारात होते. विरोधानंतर ते वगळावे लागले. स्वतःच्या विद्यार्थिदशेतील चळवळ प्रतिनिधित्वाच्या व भाषेच्या प्रश्नांत गुंतली असताना आवारातील आर्थिक बदल दुर्लक्षित राहिले, ही त्यांची कबुलीही मोलाची आहे.

तथापि क्लाइन यांच्या मांडणीचा रोख आक्रमणाकडे आहे. कंपनी बाहेरून येते आणि विद्यापीठ बळी पडते, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात करारावर दोन सह्या असतात आणि जागा भाड्याने देणारे विद्यापीठच असते.

बोक यांची मांडणी व तिची मर्यादा

ही उणीव बोक भरून काढतात. त्यांच्या मते विद्यापीठांची पैशाची गरज कधीच संपत नाही. व्यापारी व्यवहारातील लाभ तत्काळ दिसतो. मूल्यांची झीज मात्र संथ असते आणि मोजता येत नाही. प्रलोभनाचे मूळ त्यांनी संस्थेच्या आत शोधले आहे. परंतु त्यांचे विवेचन मुख्यतः क्रीडा, संशोधन आणि अध्यापन या तीन क्षेत्रांवर केंद्रित आहे. दुकान हा आनुषंगिक विषय ठरल्याने तो या चौकटीच्या बाहेर पडतो.

प्रत्यक्ष उदाहरणे

दुकान खरोखरच आनुषंगिक आहे काय? ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने १९९५ मध्ये शीतपेयांच्या विक्रीचा एकाधिकार कोका-कोला कंपनीला दिला. कराराचा तपशील गोपनीय होता. 'युबिसी' या विद्यार्थी-वृत्तपत्राने माहितीच्या अधिकाराचा लढा दिल्यानंतर २००१ मध्ये तो खुला झाला. येल येथे १८८५ पासूनच्या सहकारी भांडाराला १९९७ मध्ये आपली जागा सोडावी लागली आणि बार्न्स अँड नोबल या साखळीने विद्यापीठाचे पुस्तकांचे दुकान चालवावयास घेतले. कॉर्नेल विद्यापीठाचे उदाहरण उलट दिशेचे आहे. इथाका येथे स्टारबक्सच्या शाखांमधील कामगारांनी संघटना केली आणि पुढे त्या शाखा बंद झाल्या. तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे दाद मागितली. २०२५ नंतर कंपनीशी असलेल्या कराराचे नूतनीकरण होणार नाही, असे विद्यापीठाने २०२३ मध्ये जाहीर केले.

या तिन्ही ठिकाणी प्रश्न पेयाच्या चवीचा नव्हता. माहितीचा हक्क, सहकारी व्यवस्थेचे अस्तित्व आणि श्रमिकांचे हक्क हे तेथील खरे विषय होते.

एक आक्षेप

विद्यार्थ्यांनाच ही दुकाने हवी असतात, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. जुन्या उपाहारगृहांची अवस्था अनेकदा समर्थनीय नसते. मात्र ज्या निवडस्वातंत्र्याच्या नावाने साखळी दुकानाचे समर्थन होते, तेच स्वातंत्र्य एकाधिकाराचा करार हिरावून घेतो. हा अंतर्विरोध दोन्ही ग्रंथांत पुरेसा उलगडलेला नाही.

भारतीय संदर्भ

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये महाविद्यालयीन आवारात जंक फूडच्या विक्रीस मनाई करण्याची सूचना केली. ही भूमिका आरोग्याची आहे. कराराच्या स्वरूपाला ती स्पर्श करीत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये शासकीय विद्यापीठांचे करार मागता येतात. परंतु व्यापारी गोपनीयतेचा अपवाद कलम ८(१)(घ) मध्ये आहे आणि व्यापक जनहित दाखविल्यासच तो दूर होतो. ब्रिटिश कोलंबियातील विद्यार्थ्यांसमोरचा पेच येथेही उभा राहू शकतो.

निष्कर्ष

क्लाइन यांना दुकान दिसते, पण विद्यापीठाचा त्यातील वाटा धूसर राहतो. बोक यांना विद्यापीठाचा मोह दिसतो, पण दुकान निसटते. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्यास आवारातील प्रत्येक दुकानाला तीन कसोट्या लावता येतात. करार सर्वांना पाहता येतो काय? त्यात टीकेवर बंधन आहे काय? विद्यार्थी-भांडारासारख्या पर्यायाला त्यामुळे जागा उरते काय? या प्रश्नांची उत्तरे जे विद्यापीठ देऊ शकत नाही, त्याने केवळ गाळा भाड्याने दिलेला नसून आपल्या स्वायत्ततेचा काही अंशही दिलेला असतो.