नांवांचा कोश आणि टपालाची वही

स्थलनामांचे कोश लोक विकत घेतात, कपाटांत ठेवतात, आणि एखादें नांव अडलें म्हणजे उघडून पुन्हां मिटतात. आरंभापासून अखेरपर्यंत वाचावासा वाटेल असा कोश विरळाच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ऑरेगन या संस्थानाच्या स्थलनामांचा लुईस मॅकार्थर यांचा कोश, 'ऑरेगन जिऑग्राफिक नेम्स', हा अशा विरळ ग्रंथांपैकीं एक होय. मॅकार्थर पेशानें वीजकंपनींतील अधिकारी. भाषाशास्त्राचे पंडित म्हणून त्यांची ख्याति नव्हती. १९१६ पासून १९४९ पर्यंत ते ऑरेगनच्या भौगोलिक नाममंडळाचे चिटणीस होते. त्यांनीं जमविलेली माहिती आधीं तेथील ऐतिहासिक त्रैमासिकांत क्रमशः आली, १९२८ सालीं तिचें पुस्तक झालें आणि १९४४ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. १९५१ सालीं ते वारल्यावर पत्नीनें व पुढें चिरंजीवांनीं हें काम चालविलें. सातवी आवृत्ति २००३ सालीं प्रसिद्ध झाली.

या ग्रंथाची कीर्ति मोठी आहे व ती सार्थ आहे. परंतु कीर्तिमान ग्रंथासही प्रश्न विचारणें हें टीकाकाराचें कर्तव्यच असल्यामुळें, आम्हीं त्यांतून एकाच काउंटीचीं नांवें वेंचून काढून ग्रंथाची परीक्षा करण्याचें योजिलें. ती काउंटी म्हणजे व्हीलर. १८९९ सालीं तीन जुन्या काउंट्यांचे तुकडे जोडून ती बनविण्यांत आली. जॉन डे नदीच्या खोऱ्यांत सुमारें १,७०० चौरस मैलांचा हा मुलूख. पण २०२० च्या खानेसुमारींत त्याची वस्ती दीड हजारांहूनही कमी भरली. फॉसिल, मिचेल आणि स्प्रे हीं काय तीं तीन लहानशीं नगरें.

ज्याच्या नांवावरून काउंटीला नांव मिळालें तो हेन्री व्हीलर कोणी सेनापति किंवा गव्हर्नर नव्हता. तो टपालाची घोडागाडी चालविणारा मनुष्य होता. १८६२ सालीं कॅन्यन सिटीच्या बाजूस सोनें सांपडलें, आणि १८६४ सालीं व्हीलरनें द डॅल्सपासून तेथवर गाडी सुरू केली. १८६६ च्या सप्टेंबरांत मिचेलजवळ इंडियन लोकांनीं गाडीवर हल्ला केला. गोळी त्याच्या दोन्ही गालांतून आरपार गेली, तरी गाडीचे घोडे सोडून त्यांवरून तो व त्याचा सोबती निसटले. टपाल वाहणाऱ्याचें नांव एका सबंध काउंटीला मिळावें, यावरून त्या मुलखांत टपालाची प्रतिष्ठा केवढी होती हें ध्यानांत येईल.

तेथें गांव आधीं व टपालकचेरी मागाहून, असा आपल्या परिचयाचा क्रम नव्हता. कुटुंबें दूरदूरच्या कुरणांवर विखुरलेलीं असत. त्यांनीं वॉशिंग्टन येथील टपालखात्याकडे अर्ज करावा, कोणाच्या तरी घराचा कोपरा कचेरी म्हणून दाखवावा आणि एक नांव सुचवावें, अशी रीत होती. जागा कोठें आहे, नदी किती मैलांवर आहे, शेजारची कचेरी कोणती, हें सारें छापील कागदावर भरून द्यावें लागे. तेंच नांव संस्थानांत दुसरीकडे असल्यास खातें हरकत घेई. १८९४ सालीं तर आखूड, एकशब्दी नांवेंच स्वीकारावीं असा हुकूम निघाला. नांव मंजूर झालें म्हणजे विखुरलेल्या त्या वस्तीस एक केंद्र लाभे.

थॉमस हूव्हर याच्या कुरणावरील टेकडींत प्राचीन जीवांचे अवशेष सांपडले, म्हणून १८७६ सालीं तेथें उघडलेल्या कचेरीला फॉसिल हें नांव पडलें. पहिला पोस्टमास्तर हूव्हरच. १८७३ सालीं मिचेलची कचेरी उघडली ती जॉन हिपल मिचेल या त्या वेळच्या नव्या सेनेटराच्या नांवानें. या गृहस्थाचें मूळ आडनांव हिपल; पेनसिल्व्हेनिया सोडून आल्यावर त्यानें तें पालटलें होतें. पुढें १९०५ सालीं सरकारी जमिनींच्या अफरातफरीच्या प्रकरणांत तो दोषी ठरला आणि अपिलाचा निकाल लागण्यापूर्वींच वारला. मनुष्याची अब्रू गेली. टपालाच्या वहींतील नांव राहिलें.

लोकांच्या तोंडच्या गोष्टीही मॅकार्थर यांनीं आस्थेनें टिपल्या आहेत. शाळा कोठें बांधावी यावरून दोन शेजाऱ्यांत वाद झाला, एकानें दुसऱ्यास बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष 'जेफ डेव्हिस' म्हणून चिडविलें, आणि त्या विनोदांतून दक्षिणेच्या राजधानीचें रिचमंड हें नांव वस्तीला चिकटलें. दुसऱ्या एका वस्तीचें नांव पूर्वीं 'कंटेन्शन', म्हणजे भांडण, असें होतें. पार्सन्स घराण्यांतील मुलीला तें रुचलें नाहीं, म्हणून तिनें एका गाण्यांतील ट्विकनहॅम हें नांव सुचविलें. अशा गोष्टी सांगतांना मॅकार्थर यांची लेखणी हंसते, परंतु वाहवत नाहीं. त्यांनीं जुन्या वसाहतवाल्यांना व पोस्टमास्तरांना पत्रें लिहून विचारलें, आणि मिळालेली हकीकत टपालखात्याच्या नोंदीशेजारीं ठेवली. दंतकथेला तारखेची कसोटी लावावी, परंतु तारखेपायीं दंतकथा फेंकून देऊं नये, हा विवेक स्थलनामांच्या अभ्यासांत दुर्मिळ आहे. ग्रंथाची खरी थोरवी आम्हांस येथें दिसते.

आतां आमचे आक्षेप. पहिला असा कीं, टपालाची तारीख ही कचेरीची जन्मतारीख असते, वस्तीची नव्हे. पोस्टमास्तरानें काम सोडलें म्हणजे कचेरी दुसऱ्याच्या घरीं जाई, आणि तिच्याबरोबर नांवही कांहीं मैल प्रवास करी. संस्थानांतून अशा शेंकडों नोंदी एकापुढें एक वाचतांना जणूं काय अमुक दिवशीं अमुक गांव जन्मास आलें, असा भास वाचकास होतो. शेवटाविषयींही तेंच. १९०१ सालीं अमेरिकेंत ७६,९४५ टपालकचेऱ्या होत्या. तो त्यांचा कळस. १८९६ पासून खेड्यांत घरपोंच टपाल देण्याची पद्धत सुरू झाली होती. ती पसरत गेली तसतशा लहान कचेऱ्या हजारोंनीं बंद पडल्या. पण कचेरी बंद झाली म्हणून त्या दिवशीं माणसें उठून गेलीं नाहींत. हा भेद ग्रंथांत ठसठशीत मांडावयास हवा होता.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो वर्णक्रमाविषयींचा आहे. कोश वर्णक्रमानें लावणें सोयीचें खरें, पण त्यामुळें एका खोऱ्यांतील नांवें शेंकडों पृष्ठांच्या अंतरावर पडतात. आम्हीं व्हीलर काउंटीचीं नांवें एकत्र मांडलीं तेव्हां एक गोष्ट नजरेस आली, जी सुटीं नांवें वाचतांना येत नाहीं. व्हीलर हें नांव इंडियनांच्या गोळीनें जखमी झालेल्या गोऱ्या मनुष्याचें. 'बर्न्ट रॅंच', म्हणजे जळकें कुरण, हें नांव १८६६ सालीं इंडियनांनीं जाळलेल्या क्लार्क नांवाच्या वसाहतवाल्याच्या घराचें. ज्या नदीच्या खोऱ्यांत हें सारें घडलें, तिचें नांव जॉन डे या गोऱ्या शिकाऱ्याचें. १८१२ च्या सुमारास तिच्या मुखाजवळ इंडियनांनीं त्याला नागविलें होतें. काउंटी, कचेरी आणि नदी, तिघांच्याही नांवांत एकाच पक्षाच्या जखमांची आठवण आहे. दुसरा पक्ष, म्हणजे उत्तर पायूट लोक, १८६४ पासून १८६८ पर्यंत चाललेल्या युद्धांत पराभूत झाला. या भूमीला ते काय म्हणत, हें लिहून घेण्यास खात्याच्या छापील कागदांत रकाना नव्हता. मॅकार्थर यांनीं प्रत्येक हकीकत प्रामाणिकपणें दिली आहे; तिन्ही शेजारीं ठेवून पाहण्याची संधि मात्र वर्णक्रमानें हिरावून घेतली.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवांच्या नांवांची व्युत्पत्ति लावून तींतून वसाहतीचा इतिहास काढूं पाहिला. तेथें शब्द प्राचीन आणि कागद थोडा. व्हीलर काउंटींत शब्दाचा अर्थ उघड आहे आणि कागद भरपूर आहे. तरीही अभ्यासकाचें काम सोपें होत नाहीं, कारण तो कागद कोणीं भरला हा प्रश्न उरतोच. मॅकार्थर यांचा ग्रंथ त्याच्या शास्त्रांतील उत्तम ग्रंथांत गणावा, आणि आपल्या अभ्यासकांनीं तो अवश्य वाचावा. मात्र वाचतांना नकाशा पुढें ठेवावा, एका खोऱ्याचीं नांवें एका कागदावर उतरून घ्यावीं, आणि प्रत्येक तारखेपुढें अर्जदार कोण व ज्याला अर्ज करतां आला नाहीं तो कोण, हें आपल्या हातानें लिहावें.