'तुम्ही कचरा वेगळा करता का?' या प्रश्नात काय चुकतं?

पीएचडीसाठी विषय शोधणारे बरेच जण घरगुती कचऱ्याच्या वर्गीकरणापाशी येऊन थांबतात. विषय चांगलाच आहे. पण यावरचे प्रबंध वाचताना एकच साचा वारंवार भेटतो, आज त्याबद्दल बोलू.

साचा असा: एक वॉर्ड घ्यायचा, प्रश्नावली भरून घ्यायची, ज्ञान-दृष्टिकोन-आचरण असे तीन भाग पाडायचे, काय-स्क्वेअर चाचणी लावायची. निष्कर्ष आधीच ठरलेला, 'जनजागृतीची गरज आहे.'

एमएस्सीच्या प्रकल्पात मीही हेच केलं. बहुतेक घरांनी 'हो, वेगळा करतो' म्हणून सांगितलं आणि मी खूश! नंतर एका सकाळी घंटागाडीजवळ उभी राहिले. एका काकूंनी ओल्याचा आणि सुक्याचा असे दोन डबे आणले. गाडीवरच्या दादांनी दोन्ही एकाच ढिगात रिकामे केले. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी करते गं वेगळा. पुढे काय होतं ते यांना विचार." त्या 'पुढे'साठी माझ्या प्रश्नावलीत एकही रकाना नव्हता.

आता या साच्यातले दोष बघू.

पहिला दोष मापनाचा. समोर कागद-पेन घेऊन बसलेल्या माणसाला कुणी 'नाही, मी सगळं एकत्र टाकते' असं सहसा सांगत नाही. म्हणून संमती घेऊन डब्यातला कचराच मोजा. ओल्याच्या डब्यात किती सुका आहे, त्याचं वजन करा. नमुना मोठा असेल तर नीट मिसळून ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, आणि हाताळण्याजोगा होईपर्यंत हेच करत राहा. हातमोजे विसरू नका. वास येतोच.

दुसरा दोष, सगळी जबाबदारी घरावर टाकण्याचा. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरांना ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितलं. पण वेगळा केलेला कचरा वेगळाच नेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. प्रबंधांत पहिला भाग असतो, दुसरा गायब.

इथे पुण्याचं उदाहरण उपयोगी पडतं. कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' 1993 मध्ये उभी राहिली आणि त्यातून 2008 मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर कामाला लागली. सदस्य घरोघरी कचरा घेतात, त्याचं शुल्क घेतात आणि सुका माल विकतात. भाजीच्या पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो, म्हणजे कचरा एकत्र झाला की नुकसान थेट त्यांच्या खिशाला. आता ज्या ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात त्याचा विचार करा. त्याच्यासाठी भिजलेला पुठ्ठा म्हणजे जास्त वजन! वर्गीकरण का टिकतं किंवा का मोडतं, हे शोधायचं असेल तर 'कुणाला कशाचे पैसे मिळतात' हा प्रश्न तुमच्या आराखड्यात हवा.

तिसरा दोष, शहराची प्रश्नावली तशीच गावात नेण्याचा. 'घरात दोन डबे आहेत का?' उत्तर 'नाही'. झालं, गाव अज्ञानी! अहो, सालं-देठं गुरांना जातात, उरलेलं उकिरड्यावर पडून खत होतं. ओल्याचं वर्गीकरण तिथे आधीपासूनच आहे. अडचण गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाउच, डायपर यांची. न्यायला कुणी येत नाही म्हणून ते गावाबाहेर जाळले जातात. अशा गावाला रोजच्या घंटागाडीपेक्षा ठरावीक दिवशी येणारी सुक्याची गाडी, साठवायला शेड आणि माल उचलणारा भंगारवाला यांची गरज जास्त असू शकते. 'असू शकते' म्हणतेय, कारण हाच तर तुमचा संशोधनप्रश्न.

प्रश्नावली निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. सेवा नीट चालू असूनही लोक वेगळं करत नसतील, तर का करत नाहीत हे त्यांनाच विचारावं लागेल. पण सेवा न तपासता 'जनजागृती' लिहिलं, की दोष काकूंच्या माथी बसतो आणि तो अहवाल वाचून पालिका आणखी भित्तिपत्रकं छापते. गाडीत कप्पा मात्र एकच राहतो.

तेव्हा गोषवारा लिहिण्याआधी एक सकाळ गाडीबरोबर फिरून या, थेट कचरा उतरवतात तिथपर्यंत. मग प्रश्नावलीतले कुठले प्रश्न खोडले, ते मला कळवा.